नवा डॅक लावला आणि स्पीकरमधून घूं येऊ लागली: दोष शोधायचा कसा

नवा डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचं अँपला (अँप्लिफायरला) चालेल अशा सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा, जोडला, गाणं लावलं, आवाज उघडल्यासारखा वाटला. गाणं थांबलं आणि स्पीकरमधून बारीक घूं ऐकू आली. कुणाकडे घूं नसते, पण माउस हलवला की किर्र होतं. कुणाकडे मधूनच टक् असा आवाज येतो. पूर्वी सीडी प्लेअर थेट अँपला जोडलेला होता तेव्हा यातलं काहीच नव्हतं, म्हणून संशय नव्या डब्यावर जातो. तो परत जातो, त्याहून महागडा येतो, आणि घूं जागची हलत नाही.

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यातल्या अशा तक्रारीत डॅकची चिप क्वचितच दोषी निघते. सीडी प्लेअरला बहुधा दोन पिनांची वायर असते, अर्थिंगच्या तारेशी, म्हणजे अर्थशी, त्याचा संबंध नसतो. डॅक आला की त्याच्यामागून संगणक येतो. संगणकाच्या एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) तिसरी पिन, अँपला तिसरी पिन, आणि दोघांच्या मध्ये यूएसबी आणि आरसीए (डॅकपासून अँपला जाणाऱ्या ऑडिओ) केबलची बाहेरची जाळी. म्हणजे अर्थला दोन वाटा झाल्या, एक भिंतीतून आणि दुसरी तुमच्या ऑडिओ केबलमधून. दोन बोर्डांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असला तरी या दुसऱ्या वाटेने करंट वाहायला लागतो.

आकड्यात सांगायचं तर, जाळीतून १० मिलिअँपिअर वाहिले आणि जाळीचा रेझिस्टन्स प्लगच्या सांध्यासकट ०.०५ ओहम धरला, तर अर्धा मिलिव्होल्ट तयार होतो आणि तो सरळ सिग्नलमध्ये मिसळतो. डॅकच्या २ व्होल्ट आउटपुटच्या तुलनेत हा उणे ७२ डेसिबल. डब्यावर नकोशा आवाजाची पातळी उणे ११५ किंवा १२० डेसिबल छापलेली असते आणि पैसे त्याच आकड्याचे मोजलेले असतात. भिंतीतल्या वायरिंगने त्यातले चाळीसेक डेसिबल केव्हाच खाल्लेले असतात. अशा घरात पाच हजारांचा डॅक आणि पन्नास हजारांचा डॅक सारखेच घुमतात.

आधी आवाज नीट ओळखा

गाणं बंद ठेवा, इनपुट डॅकवर ठेवा आणि अँपचा व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. घूं व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर ती व्हॉल्यूमच्या आधीच्या भागातून येते, म्हणजे डॅक, केबल किंवा संगणकाकडून. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तेवढीच राहत असेल तर दोष अँपच्या पॉवर भागात आहे. तिथे बहुधा जुने फिल्टर कॅपॅसिटर दमलेले असतात आणि डॅक बदलून काही होणार नाही.

पोत ऐकूनही बरंच कळतं. मऊ, खोल घूं म्हणजे ५० हर्ट्झ. ही बहुतेक तुटलेल्या जाळीची, सैल आरसीएची किंवा अर्थच नसल्याची खूण. भुंग्यासारखी घरघर म्हणजे १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर, ही रेक्टिफायरकडून (एसीचं डीसी करणाऱ्या भागाकडून) किंवा अर्थच्या दुहेरी वाटेतून येते. उंच सुरातली शिट्टी किंवा किर्र संगणकाची. यूएसबी दर १ मिलिसेकंदाला, हाय स्पीडमध्ये दर १२५ मायक्रोसेकंदाला माहितीचा ठोका पाठवते, त्यामुळे १ किलोहर्ट्झ आणि ८ किलोहर्ट्झचा सूर उमटतो. माउस हलवल्यावर किंवा खिडकी सरकवल्यावर तो बदलत असेल तर शंकाच नको.

तपासताना ख्याल लावू नका. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी बेळगावजवळच, त्यामुळे इथे हाय-फाय घेणाऱ्याकडे शास्त्रीय संगीत हमखास असतं आणि परीक्षाही त्याच्यावरच होते. पण पुरुष गायकाचा तानपुरा पांढरी एकमध्ये लावलेला असेल तर त्याची पंचमाची तार साधारण ९८ हर्ट्झची असते. १०० हर्ट्झची घरघर तिच्या मागे बेमालूम लपते. दोष ऐकायचा तर शांतता लावा. नुसती मूक फाइल चालवली तरी पुरे, कारण बरेच डॅक सिग्नल नसला की आउटपुट म्यूट करतात आणि घूं तेवढ्यापुरती दडते.

एकेक जोडणी वाढवत जा

सगळं एकदम जोडून दोष सापडत नाही. प्रत्येक केबल काढता-घालताना अँप बंद करा. आरसीए प्लगची मधली पिन जाळीच्या आधी टेकते. त्या क्षणी डॅकच्या बॉडीवर तरंगणारं सगळं व्होल्टेज इनपुटमध्ये शिरतं. ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, जळायला एवढं पुरतं.

१. अँपच्या मागच्या सगळ्या केबल काढा, फक्त स्पीकर ठेवा. घूं आली तर अँप दुरुस्तीला न्या, पुढे जाऊ नका.

२. डॅक आरसीएने जोडा, पण त्याला अॅडॉप्टर नको, यूएसबी नको. इथेच घूं आली तर आरसीए केबल बदलून पाहा.

३. डॅकचा अॅडॉप्टर लावा. आता आली तर अॅडॉप्टर दोषी.

४. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून यूएसबी जोडा. चार्जर, एचडीएमआय, नेटवर्क केबल, प्रिंटर, सगळं काढलेलं हवं. यूएसबीवरच पॉवर घेणारा डॅक असेल तर तिसरी पायरी इथेच येते.

५. आता चार्जर, मग एचडीएमआय, मग नेटवर्क केबल, एकेक करून लावा.

ज्या पायरीला आवाज आला तिथेच थांबा. पाचव्या पायरीला आवाज येणारी घरं सर्वांत जास्त. चार्जर नसला की शांत, लावला की घूं. टीव्ही जोडलेला असेल तर डिशची कोअॅक्स केबलही काढून पाहा. गच्चीवरच्या डिशचा लोखंडी पाइप वेगळ्या ठिकाणी जमिनीला टेकलेला असतो आणि त्या केबलच्या जाळीतून अर्थची तिसरी वाट घरात शिरते. टीव्ही फक्त एचडीएमआयने संगणकाला जोडलेला असला तरीही.

बोर्डातलं अर्थिंग

अँप, डॅक, संगणक आणि टीव्ही एकाच बोर्डावर घ्या. एक चांगली सहा अँपिअरची पट्टी एका सॉकेटमध्ये, आणि सगळं त्या पट्टीवर. घरगुती इंटिग्रेटेड अँप, लॅपटॉप आणि डॅक मिळून ६ अँपिअरच्या जवळपासही जात नाहीत. अर्थचे बिंदू एकत्र आले की त्यांच्यातला फरक घटतो, आणि बऱ्याच घरी घूं इथेच ऐकू येण्याच्या खाली जाते. खर्च फक्त पट्टीचा. विशेष म्हणजे हा उपाय लोक सर्वांत शेवटी करतात.

त्यानंतर मल्टिमीटर. एसी व्होल्टच्या ७५० किंवा ६०० च्या रेंजवर ठेवा आणि सॉकेटमध्ये तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, तेही गिझर किंवा इस्त्री चालू असताना. फेज ते अर्थ १०० च्या आसपास नाचत असेल तर तिसऱ्या भोकात अर्थ आलेलंच नाही. जुन्या वाड्यांमध्ये, दोन तारांच्या वायरिंगवर नंतर तीन पिनांचे सॉकेट बसवलेले असतात तिथे हे सर्रास सापडतं. न्यूट्रल ते अर्थ कितीही लोड टाकला तरी बरोबर ०.० येत असेल तर तेही चांगलं लक्षण नाही. कुणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलेलं असू शकतं. अशा घरात न्यूट्रल कुठे तुटला तर अँपच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. हे दिसलं तर हाय-फाय बाजूला ठेवा आणि आधी वायरमनला बोलवा.

मीटरचं माप बरोबर आलं म्हणून अर्थ दमदार असेलच असं नाही. मीटर नगण्य करंट ओढतो, त्यामुळे खराब अर्थसुद्धा त्याला ठीक दिसतं. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला आणि तो मंद पेटला तर अर्थ कमजोर. घरात ईएलसीबी (अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो ट्रिप होईल, आणि ते ट्रिप होणं म्हणजे अर्थ पोचतंय याचाच पुरावा. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

इथे जमिनीचा फरक पडतो. खानापूरकडची जांभ्या दगडाची तांबडी माती उन्हाळ्यात कोरडी पडते आणि तिचा रेझिस्टन्स वाढतो. अथणीकडची काळी माती ओल धरते, तिथे तोच पाइप बरा चालतो. म्हणून पश्चिमेकडच्या घरात पावसाळ्यात गप्प असलेली घूं एप्रिल-मेमध्ये परत येते आणि लोकांना वाटतं डॅक गरम होतोय. अर्थच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातलेला असेल तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. खड्डाच नसेल, नळाच्या पाइपला वायर गुंडाळून काम भागवलेलं असेल, तर आता पाइप प्लॅस्टिकचे झालेत हे लक्षात घ्या. ते अर्थ कुठेच जात नाही.

अँपची तिसरी पिन कापून किंवा तीन-ते-दोन पिनांचा जोड लावून घूं घालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. घूं जाते, होय की. पण त्याबरोबर संरक्षणही जातं. ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशन फाटलं तर पत्रा जिवंत होतो आणि आरसीएच्या जाळीतून तीच फेज लॅपटॉपपर्यंत पोचते. सिग्नलची वाट तोडा, अर्थची नाही.

याच्या उलट प्रकारही आहे. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा, डॅकचा अॅडॉप्टर दोन पिनांचा, जुना जपानी अँपही दोन पिनांचा. अर्थची दुहेरी वाट इथे नाहीच, तरी घूं आहे आणि लॅपटॉपच्या पत्र्यावर हात फिरवला की झिणझिण्या येतात. दोन पिनांच्या चार्जरमध्ये प्रायमरी (विजेकडची बाजू) आणि सेकंडरी (लॅपटॉपकडची बाजू) यांच्या मध्ये एक छोटा वाय कॅपॅसिटर असतो, त्यातून मेन्सचा, म्हणजे घरातल्या विजेचा, थोडा अंश बाहेर झिरपतो. डॅकचा आरसीए मोकळा ठेवून त्याच्या जाळीपासून अर्थपर्यंत मोजलं तर मीटर ६० ते ११० व्होल्ट दाखवतो. करंट मिलिअँपिअरच्या काही दशांशांएवढाच, त्यामुळे धोका नाही, पण आवाजात उतरायला तेवढा पुरतो. इथे उपाय म्हणजे सबंध जोडणीला एकच अर्थ द्या. लॅपटॉपला तीन पिनांची वायर चालत असेल तर ती घ्या. नाहीतर अँपच्या मागे टर्नटेबलसाठी (रेकॉर्ड प्लेअरसाठी) जीएनडी लिहिलेला स्क्रू असतो, त्यापासून बोर्डाच्या अर्थपर्यंत एक वायर ओढून घ्या. अर्थ खरा आहे हे वर सांगितल्याप्रमाणे तपासल्यावरच.

संगणकाची किर्र

सर्वांत पक्का उपाय ऑप्टिकल केबल. तिच्यातून प्रकाश जातो, तांबं नाही, त्यामुळे संगणकाकडची घाण पलीकडे पोचतच नाही. ९६ किलोहर्ट्झपर्यंत ती निर्धास्त चालते, १९२ ला काही जोड्या चालतात, काही अडखळतात. सीडीतून काढलेल्या फाइल ४४.१ च्या असतात, त्यांना हा प्रश्नच नाही. पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका आणि काटकोनात वाकवू नका. टोकावरची पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी काढायची राहून गेली, म्हणून डॅक बंद आहे असं समजणारे थोडेथोडके नाहीत.

टीव्हीला ऑप्टिकल जोडलं आणि डॅक गप्प बसला, किंवा नुसता खरखराट आला, तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम करा. ऑटो किंवा बिटस्ट्रीमवर टीव्ही डॉल्बीचा संकेत पाठवतो आणि साध्या स्टिरिओ डॅकला तो उलगडता येत नाही.

यूएसबीच वापरायची असेल तर आयसोलेटर, म्हणजे माहिती जाऊ देऊन तांब्याचा संबंध तोडणारा डबा. इथे घेताना फसगत होते. स्वस्त आयसोलेटरमध्ये एडीयूएम ३१६० किंवा ४१६० ही चिप असते आणि ती फुल स्पीड, म्हणजे १२ मेगाबिटपर्यंतच चालते. त्यावर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत मिळतं. तुमचा डॅक फक्त हाय स्पीडवर, म्हणजे यूएसबी ऑडिओ क्लास २ वरच चालणारा असेल तर आयसोलेटर लावल्यावर तो संगणकाला दिसेनासा होतो. मग लोक आयसोलेटर बिघडला म्हणतात. काही डॅकच्या मेनूमध्ये यूएसबी १.१ किंवा यूएसी १ चा पर्याय असतो, तो निवडला की चालतं. नाहीतर ४८० मेगाबिट लिहिलेला, एडीयूएम ४१६५ किंवा ४१६६ च्या जातीचा आयसोलेटर घ्यावा लागतो आणि तो बराच महाग पडतो. आयसोलेटरच्या पलीकडे मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठाही तुटपुंजा असतो, म्हणून यूएसबीवरच जगणाऱ्या डॅकपेक्षा स्वतंत्र अॅडॉप्टरच्या डॅकवर तो बरा चालतो.

आरसीएवर लावायचे जे ग्राउंड लूप आयसोलेटर गाडीच्या दुकानात मिळतात, त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. घूं नक्की जाते, पण तबल्याचा बायाँ आणि ढोलकीचा धुमधुमही त्याबरोबर जातो, कारण एवढ्या छोट्या गाभ्याला खालचे सूर पेलत नाहीत. दोष कुठे आहे हे ठरवायला हा डबा उत्तम. कायमचा ठेवायचा असेल तर १० किलोओहम ते १० किलोओहमचे, हाय-फायसाठी बनवलेले लाइन ट्रान्सफॉर्मर हवेत. अँपला एक्सएलआर (तीन पिनांचं गोल) इनपुट असेल आणि डॅकला तसंच आउटपुट, तर यातलं काहीच न घेता बॅलन्स्ड केबल घाला.

पुरवठा आणि उसाच्या पट्ट्यातलं व्होल्टेज

डॅकबरोबर आलेला स्विचिंग अॅडॉप्टर बदलून लिनिअर सप्लाय (जुन्या पद्धतीचा, ट्रान्सफॉर्मरवर चालणारा) लावायची हौस बऱ्याच जणांना असते. त्यातून फायदा कधी होतो, कधी नाही. पण चिकोडी, रायबाग, अथणीकडे हाच बदल करून घूं ओढवून घेतलेली घरं आहेत, म्हणून जरा सविस्तर.

स्विचिंग अॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, मेन्स १८० वर बसलं तरी त्याला काही वाटत नाही. लिनिअरचं तसं नाही. ५ व्होल्टच्या डॅकसाठी सर्वसाधारण सप्लायमध्ये ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारा ७८०५ रेग्युलेटर असतो. ७८०५ ला आत किमान ७ व्होल्ट लागतात. २३० वर सगळं ठीक. उसाला पाणी द्यायच्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि मेन्स १८० वर आलं की ९ चे ७ व्होल्ट होतात. त्याचा शिखर जवळजवळ १० व्होल्ट, त्यातून ब्रिजचे दीड वजा केले की साडेआठ. डॅक अर्धा अँपिअर ओढत असेल तर २२०० च्या कॅपॅसिटरवर दोन व्होल्टच्या आसपास लाट राहते. म्हणजे प्रत्येक लाटेच्या तळाशी व्होल्टेज ७ च्या खाली जातं, रेग्युलेटर तेवढा वेळ हात टेकतो, आणि १०० हर्ट्झची घरघर सरळ डॅकमध्ये. ती फक्त मोटारी चालू असतानाच येते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

कॅपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा घाला. लाट निम्म्यावर येते. तरी भागलं नाही तर ७८०५ च्या जागी एलएम १०८५ ची ५ व्होल्टची आवृत्ती बसवा, तिला दीड व्होल्टचं अंतर पुरतं. मात्र पायांची मांडणी वेगळी आहे, तशीच्या तशी घालू नका. डेटाशीट बघूनच तारा वळवा. हीट सिंक ठेवाच, २३० वर अर्धा अँपिअर ओढताना रेग्युलेटरवर अडीच वॉटच्या आसपास उष्णता असते.

तयार अॅडॉप्टर बदलताना व्होल्टेज, पिनची ध्रुवता आणि जॅकचा आतला व्यास, तिन्ही जुळवा. ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ मिलिमीटरचे जॅक बाहेरून सारखेच दिसतात. २.५ चा प्लग २.१ च्या सॉकेटमध्ये सैल बसतो, हलला की डॅक बंद-चालू होतो आणि स्पीकरमध्ये धाडकन आवाज येतो. ५ व्होल्टच्या डॅकला १२ व्होल्ट लावले तर त्यानंतर शोधण्यासारखं काही उरत नाही.

टक् टक् आणि तुटक आवाज

हे दोन वेगळे प्रकार आहेत. फ्रिज किंवा पाण्याची मोटार चालू-बंद होताना येणारी टक् मेन्समधून येते. बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागात यंत्रमाग असलेल्या गल्लीत ती दिवसभर येते आणि रात्री थांबते, यावरूनच ओळखा. पट्टीमध्ये मेन्स फिल्टर असलेली जात घ्या. फ्रिजच्या सॉकेटवर स्नबर, म्हणजे २७५ व्होल्ट एसीचा ०.१ मायक्रोफॅरड एक्स २ कॅपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर एका डबीत, वायरमनकडून बसवून घेता येतो. रिलेचा स्टॅबिलायझर अँपला लावलेला असेल तर प्रत्येक टप्प्याला त्याचा टक् ऐकू येणारच. तो काढा किंवा सर्व्हो घ्या.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर आवाज घरघरत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा. त्याच्यावर अँपचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुरगुरतो, सिग्नलमध्येही भर पडते. प्युअर साइन वेव्हवर हे होत नाही. साइन वेव्हवरही होत असेल तर इन्व्हर्टरवर असताना न्यूट्रल ते अर्थ पुन्हा मोजा. काही जोडण्यांमध्ये लाईट गेली की न्यूट्रल तरंगता राहतो.

दुसरा प्रकार म्हणजे गाणं मधेच तुटणं, कापल्यासारखं होणं. हा संगणकाचा दोष. डॅक हबमधून काढून थेट मागच्या पोर्टमध्ये लावा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डॅकच्या ड्रायव्हरच्या खिडकीत बफर (आधीच भरून ठेवलेली माहिती) एकेक पायरी वाढवा. गाणी ऐकायला उशीर झाला तरी बिघडत नाही, तेव्हा मोठा बफर ठेवायला लाजू नका. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून क्लास २ च्या डॅकला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, त्याआधीच्या विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर हवाच. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणाऱ्यांनी ५.१ व्होल्टचा, पाय ४ असेल तर ३ अँपिअरचा अॅडॉप्टर वापरावा. फोनच्या जुन्या चार्जरवर तो उपाशी राहतो आणि गाणं तुटतं.

गाण्यागणिक येणारी एकच टिक, ४४.१ वरून ४८ किंवा ९६ वर जाताना, ही डॅकच्या आतल्या रिलेची असते. तो दोष नाही.

आवाज फार मोठा, किंवा फाटलेला

डॅक २ व्होल्ट देतो. बऱ्याच जुन्या अँपना पूर्ण ताकदीसाठी १५० ते २५० मिलिव्होल्ट पुरतात. म्हणून व्हॉल्यूमचं बटण जेमतेम सरकवलं की घर दणाणतं, आणि त्या सुरुवातीच्या भागात डावा-उजवा सारखा नसतो, कारण व्हॉल्यूमच्या साध्या पोटेन्शिओमीटरचे दोन थर तिथे जुळत नाहीत. डॅकचाच व्हॉल्यूम १० डेसिबलने खाली घ्या. २४ बिटवर त्याने काही हरवत नाही. घूंही ऐकू येण्याइतकी राहत असेल तर आरसीएवर लावायचे १० डेसिबलचे अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे जोड) बरे, कारण त्यांच्याबरोबर डॅककडची घूंही खाली येते.

आवाज फाटलेला, बेसने भरलेला, थोडक्यात भयंकर येत असेल तर डॅक फोनो, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या, इनपुटला लागलाय. तिथे काही मिलिव्होल्टची अपेक्षा असते. ऑक्स, सीडी किंवा ट्यूनर लिहिलेल्या भोकात घाला.

पावसाळा

खानापूर, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की आरसीएच्या निकेल मुलाम्यावर पातळ थर चढतो आणि एक बाजू मधूनमधून जाते. प्लग आत घालून दोन-तीनदा फिरवला तरी थर निघतो. दर पावसाळ्यानंतर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा, पण वंगण असलेला गंजनिरोधक स्प्रे नको, त्यावर धूळ बसते. एक बाजू गेली तर डॅककडचे दोन्ही प्लग अदलाबदल करा. गप्प बाजू बदलली तर दोष डॅकच्या बाजूचा, तीच राहिली तर केबल किंवा अँपचा.

डॅकच खराब असेल तर

तेही होतं. एवढं सगळं करून घूं राहिली तर डॅकला एकटा पाडा. तो यूएसबीवर चालत असेल तर पॉवर बँक आणि फोन, आणि त्याच्याच हेडफोन भोकात हेडफोन. मेन्सशी, अँपशी, अर्थशी कुठलाच संबंध उरत नाही. इथेही घूं किंवा किर्र येत असेल तर डॅक दोषी. मग मीटर डीसीच्या २०० मिलिव्होल्ट रेंजवर ठेवून, गाणं न चालवता, प्रत्येक आरसीएची मधली पिन आणि जाळी यांच्यात मोजा. काही मिलिव्होल्ट चालतात. ५० च्या वर किंवा दोन बाजूंमध्ये मोठा फरक आला तर आउटपुटचा ऑपअँप (अँप्लिफायरची चिप) किंवा त्याचा पुरवठा गेलाय. असा डॅक अँपला लावू नका, विशेषतः अँपच्या इनपुटला कॅपॅसिटर नसेल तर, कारण ते डीसी गुणाकार होऊन स्पीकरच्या कॉइलपर्यंत पोचतं.

वॉरंटीसाठी पाठवताना दोन्ही बाजूंची ही डीसी मापं, हेडफोनची परीक्षा आणि कुठल्या पायरीला आवाज आला ते एका कागदावर लिहून डब्यात ठेवा. नुसतं घूं येते असं लिहून पाठवलेला डॅक दुरुस्तीच्या टेबलावर शांत बसतो, कारण तिथलं अर्थिंग चांगलं असतं, आणि दोष नाही असा शेरा घेऊन परत येतो.